झेंडूची जात कोणती?

दसरा तोंडावर आला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला समोरच्या छावणीतून येतो. झेंडू हे म्हणे हजारो वर्षांच्या सनातन संस्कृतीचे प्रतीक, त्याला भगवा रंग निसर्गानेच दिला, आणि आमचे पूर्वज त्याचे तोरण दाराला बांधत आले ते त्यांना विज्ञान कळत होते म्हणून. दुसरा मेसेज आपल्याच पोरांचा असतो. झेंडू हे मनुवादी फूल आहे, घटस्थापनेचे आणि शस्त्रपूजेचे फूल आहे, म्हणून अशोक विजयादशमीला विहारात आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याला झेंडूचा हार नको. सटाण्यात आणि बागलाणच्या गावांत या दुसऱ्या मेसेजवरून तरुण कार्यकर्ते तावातावाने भांडताना आम्ही पाहिले आहेत.

आम्हाला दोन्ही मेसेज सारखेच अडाणी वाटतात. पहिला लिहिणारा म्हणतो झेंडू आमचा, आणि दुसरा लिहिणारा म्हणतो हो, तुमचाच. भांडण वरवरचे आहे, आत दोघांचे एकमत आहे. आणि ते एकमत ज्या गोष्टीवर आहे तीच मुळात खोटी आहे.

झेंडू या देशाचा नाही. तो मेक्सिकोचा आहे. कोलंबसाचे जहाज १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. त्याआधी झेंडूचे बी समुद्र ओलांडून इकडे आले नव्हते, त्यामुळे वेदांत, रामायणात, महाभारतात, कालिदासात झेंडू असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांतली फुले कोणती, तर कमळ, चाफा, अशोक, पळस, केवडा, मालती, पारिजातक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हातात कमळ घेऊन उभा आहे. ज्या राम-रावण युद्धाच्या आठवणीत दसऱ्याला झेंडूच्या राशी लागतात, ते युद्ध ज्यांनी लिहिले त्यांनी हे फूल डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्या शतकात त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची झाडेपेरे आपल्या किनाऱ्यावर उतरू लागली. झेंडू त्यांतलाच एक प्रवासी. गोव्यात आजही झेंडूला कोंकणीत 'रोजां' म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत गुलाबाला 'रोझा' म्हणतात. नाव कुठल्या बंदरावर चिकटले ते वेगळे सांगायला नको.

आता मूळ मालकांकडे जाऊ. मेक्सिकोच्या नाहुआ लोकांनी, म्हणजे ज्यांना आपण पुस्तकात ॲझ्टेक म्हणून वाचतो त्यांनी, या फुलाला नाव दिले सेंपोअलशोचित्ल. 'सेंपोअल' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. त्यांची मोजणी विसाच्या पटीत चाले, जशी आपल्या आजीची चालायची, विसाचा कोडा धरून. वीस म्हणजे भरपूर, म्हणून हे भरपूर पाकळ्यांचे फूल. रानातल्या झेंडूला पाकळ्या थोड्या असतात. त्याला निवडून, बी राखून, पुन्हा पेरून असे गच्च भरलेले फूल करणारे हात शेतकऱ्यांचे होते. स्पॅनिश सैन्याने १५२१ मध्ये त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान पाडली, पोथ्या जाळल्या, देवळे पाडून त्याच दगडांवर चर्च उभे केले. तरी त्या लोकांनी हे फूल सोडले नाही. दर वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा दिवस पाळतात तेव्हा घरापासून कबरीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. गेलेल्या माणसाला त्या वासाने आणि रंगाने घरची वाट सापडते असा समज आहे. पोर्तुगीज भाषेत झेंडूचे एक नाव 'मृतांचे फूल' अशाच अर्थाचे आहे. आपल्याकडे जे फूल शुभकार्याला लागते ते तिकडे मढ्याजवळचे. शुभ आणि अशुभ फुलात नसते, ते माणसाने ठरवलेले असते, याला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

पण इथे एक गोष्ट बोलून टाकू, कारण आपल्यातले काही जण लगेच 'मूलनिवासी फूल' म्हणून झेंडूची आरती सुरू करतील. ॲझ्टेक राज्य काही समतेचे राज्य नव्हते. तिथे राजा होता, पुरोहित होते, गुलाम होते, नरबळी होता. झेंडूच्याच कुळातल्या एका सुगंधी रोपाची पूड बळी द्यायच्या माणसाच्या तोंडावर उधळत, अशी नोंद स्पॅनिश पाद्र्यांनी करून ठेवली आहे. पाद्र्यांचा हेतू स्वच्छ नव्हता हे मान्य, पण म्हणून बळी देणारा पुरोहित आपला होत नाही. पुरोहितशाही मेक्सिकोची असो की नाशिकची, फुलाचा उपयोग तिला सारखाच कळतो.

झेंडूच्या नावांचा इतिहास तर जास्तच मजेशीर आहे. मोठ्या झेंडूला इंग्रजीत 'आफ्रिकन मेरीगोल्ड' म्हणतात आणि छोट्या, तपकिरी ठिपक्यांच्या झेंडूला 'फ्रेंच मेरीगोल्ड'. दोन्ही मेक्सिकोकडचे! युरोपच्या बादशहाने १५३५ मध्ये उत्तर आफ्रिकेतले ट्यूनिस जिंकले, तिथे हे फूल दिसले, म्हणून ते आफ्रिकेचे ठरले. जर्मन वनस्पतितज्ज्ञ फुक्स याच्या १५४२ च्या ग्रंथात झेंडूचे चित्र आहे, म्हणजे कोलंबसानंतर पन्नास वर्षांत फूल जर्मनीत पोचले होते. त्याच फुक्सने मक्याला तुर्की धान्य म्हटले आहे. पुढे लिनियसने १७५३ मध्ये झेंडूला शास्त्रीय नाव दिले 'टॅजेटीस', तेही इटलीतल्या एका प्राचीन देवाच्या, टॅजीसच्या, नावावरून समजले जाते. आणि 'मेरीगोल्ड' म्हणजे मेरीचे सोने. ते नाव मुळात युरोपातल्या कॅलेंड्युला या वेगळ्याच फुलाचे. व्हॉट्सॲपवरचे बरेच 'प्राचीन झेंडू' हे या गोंधळातून जन्मले आहेत. ज्यांनी फूल घडवले त्या नाहुआ शेतकऱ्यांचे नाव तेवढे कुठल्याच लेबलावर उरले नाही. ज्याने राबून वस्तू घडवली त्याचे नाव पुसायचे आणि ज्याच्या हातात पोथी आहे त्याचे चिकटवायचे, हा उद्योग आपल्याला नवा नाही.

आपल्याकडे तर या कामात लोक आणखी तरबेज. सीताफळ घ्या, रामफळ घ्या. वनस्पतिशास्त्र दोघांचेही मूळ अमेरिकेत सांगते. आपण त्यांना थेट रामायणात नेऊन बसवले. उपवासाचे ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा अँडीज पर्वतातला, रताळे अमेरिकेतले, हिरवी मिरची अमेरिकेतली. राजगिरा तर ॲझ्टेकांच्या धार्मिक विधींतले धान्य, म्हणून स्पॅनिश चर्चने त्याच्यामागे हात धुऊन लागावे इतके महत्त्वाचे. ताटात भगर तेवढी इथली. म्हणजे नवरात्रात जो उपवास सनातन म्हणून सांगितला जातो त्याचा स्वयंपाक सोळाव्या शतकाआधी शिजलाच नसता. 'परके' म्हणून माणसे हाकलायला निघालेल्यांनी आधी स्वतःची खिचडी तपासावी.

आम्ही खिचडीच्या विरोधात नाही. बागलाणचा शेतकरी मका लावतो, टोमॅटो लावतो, डाळिंब लावतो. मका-टोमॅटो अमेरिकेचे, डाळिंब इराणकडचे. शेतीला सरहद्द कधीच नव्हती. आमचा आक्षेप आहे तो वस्तू बाहेरून घ्यायची, तिला शेंदूर फासायचा, आणि मग तिच्या जोरावर इथल्याच माणसाला बाहेर ठेवायचे, या चालीला.

इथून खरा विषय सुरू होतो. फूल कुठून आले यापेक्षा ते कोणाच्या हातातून कुठपर्यंत जाऊ शकत होते, हा आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धी-अशुद्धीचे नियम आहेत. त्यात एक सोयीचा नियम असा की कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो आणि बाजारात विक्रीला मांडलेला मालही शुद्ध असतो. काय हुशारी आहे पाहा. माल शुद्ध, काम करणारा हात काम करीत असेपर्यंत शुद्ध, पण माणूस म्हणून तो समोर आला की शूद्र. फुले माळ्याने पिकवायची, बेल गुरवाने आणायचा, वाजंत्री मांगाने वाजवायची, आणि गाभाऱ्यात उभा राहणार भट. अस्पृश्याला तर ही सवलतसुद्धा नाही. त्याच्या हातचे फूल बाटलेले. एकाच मळ्यातले, एकाच झाडाचे फूल एका हातात पवित्र आणि दुसऱ्या हातात विटाळ! फुलाला जात नसते म्हणणारे बरेच भेटतात. या देशात फुलालाही जात लावली गेली होती, तोडणाऱ्याची.

चोखोबांची कहाणी आठवा. चौदाव्या शतकातला हा महार संत. विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला, असा जाब विचारत बडव्यांनी त्याला मारले, आणि तो विठ्ठलाला धावून ये म्हणतो, असा त्याच्या नावाचा अभंग महाराष्ट्राला पाठ आहे. गायक तो भैरवीत आळवतात, श्रोते डोळे पुसतात, आणि अभंगात फौजदारी गुन्ह्याची फिर्याद आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आरोप काय, तर हार. आरोपी कोण, तर ज्याच्या गळ्यात तो सापडला. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेला. तेव्हा झेंडू या देशात नव्हता. म्हणजे अस्पृश्यता झेंडूच्या आधीची आहे, आणि झेंडूवर बहिष्कार टाकून ती एक इंचही हलणार नाही.

त्यानंतर सहाशे वर्षांनी, आपल्याच जिल्ह्यात, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातल्या गावागावांतून बाया-माणसे भाकरी बांधून गेली. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा वर्षानुवर्षे धरून ठेवला. तोपर्यंत झेंडू इथे पुरता रुजला होता. परदेशी फुलाला चारशे वर्षांत गाभाऱ्यापर्यंत वाट मिळाली. गोदावरीच्या काठावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसाला दरवाजा बंद आणि अंगावर दगड. तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला झेंडूचे सनातनत्व सांगू लागला तर त्याला एवढेच विचारा, मेक्सिकोचे फूल आत गेले तेव्हा त्याची जात कुणी विचारली होती?

बाबासाहेबांनी त्या बंद दरवाजावरून शेवटी निष्कर्ष काढला तोही आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी. आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. तो दिवस विजयादशमीचा. म्हणूनच हा सगळा झेंडूचा वाद आपल्या दाराशी येतो. त्यांचा दसरा आणि आपली अशोक विजयादशमी एकाच दिवशी, एकाच बाजारात, एकाच भावाच्या फुलांत.

फुलांशी आपले नाते मात्र त्याहून जुने आहे आणि ते जोतीरावांपासून सुरू होते. त्यांचे घराणे कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन वडील आणि चुलते पेशव्यांकडे फुलांचे काम करू लागले, हार-गजरे, फुलांच्या गाद्या पुरवू लागले, आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. पेशवाईच्या बैठकीला ज्या घराने फुले पुरवली त्याच घरातल्या पोराने १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्या बैठकीचा पाया उकरला. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना. झेंडूही अमेरिकेतून आला आणि ही प्रेरणाही. पेशव्यांच्या वारसांना झेंडू तेवढा आवडला.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी भटाशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. त्यात काय होते? वधूवरांची एकमेकांना वचने आणि एकमेकांच्या गळ्यात हार. (चोपन्न वर्षांनी त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जळाली.) जोतीरावांनी फूल टाकले नाही. फूल आणि माणूस यांच्यामध्ये जो दक्षिणा घेऊन उभा होता तो बाजूला सारला. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षभराच्या प्रत्येक सणाला शेतकरी कसा नागवला जातो याचा त्यांनी हिशेब मांडला आहे. त्या हिशेबात चोर कोण, हे जोतीरावांनी नावानिशी सांगितले आहे. फुलांवर त्यांनी आळ घेतला नाही. आणि सावित्रीबाईंनी तर १८५४ च्या 'काव्यफुले'त जाई, पिवळा चाफा, गुलाब यांच्यावर कविता लिहिल्या. शेणमाती अंगावर झेलणारी ही बाई फुलांकडे बघायची विसरली नाही, हे आपल्या रागीट मुलांनी ध्यानात घ्यावे.

धम्मातही फूल आहे. वंदनेत आपण बुद्धाला पुष्प अर्पण करतो तेव्हा काय म्हणतो? बहुतेकांना पालीतले शब्द पाठ असतात, अर्थ विचारला की घसा खाकरतात. अर्थ असा की हे फूल जसे कोमेजून जाणार तसे हे शरीरही नाशाकडे चालले आहे. तिथे मागणे नाही, नवस नाही. फूल समोर ठेवायचे ते अनित्यतेची आठवण म्हणून. थायलंडच्या बौद्धांच्या विहारांत झेंडूच्या माळा सर्रास दिसतात. तिथल्या राजाच्या अंत्यसंस्कारासाठी २०१७ मध्ये देशभर पिवळा झेंडू लावला गेला, कारण पिवळा हा त्याच्या जन्मवाराचा रंग. युक्रेनच्या लोकांना झेंडू म्हणजे आईचे अंगण वाटते. आणि भगव्या रंगाचे म्हणाल तर अमेरिकेतल्या एका बियाणे कंपनीने पांढऱ्या झेंडूसाठी १०,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. १९७५ मध्ये ते आयोवा राज्यातल्या एका बाईने आपल्या अंगणात पांढरा झेंडू काढून जिंकले. निसर्गाने दिलेला रंग म्हणून मिरवणाऱ्यांनी त्या बाईला काय म्हणावे?

मग पुतळ्याला हार घालावा की नाही? या प्रश्नाला आम्ही टाळणार नाही. झेंडू मनुवादी आहे म्हणून नको, हे कारण चुकीचे. पण एकावर एक शंभर हार चढवून बाबासाहेबांचा चेहरा दिसेनासा करायचा, फोटो काढायचे आणि निघून जायचे, हेही आम्हाला खटकते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. तो इशारा त्यांच्या पुतळ्यासमोर लागू होत नाही असे कुठे लिहिले आहे?

सटाणेकरांना हे समजायला लांब जायची गरज नाही. आपल्या गावाची ओळख देवमामलेदार. यशवंतराव भोसेकर हे ब्रिटिश अमलातले मामलेदार, म्हणजे सरकारी नोकर. दुष्काळात माणसे अन्नाला महाग झाली तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. केवढी मोठी गोष्ट! सरकारी पैसा भुकेल्याचा आहे, हे एका अधिकाऱ्याने नोकरी पणाला लावून सांगितले. आपण काय केले, तर त्यांना देव केले, मंदिर बांधले, दरवर्षी यात्रा भरवतो. हारांना तोटा नाही. पण आज एखाद्या तहसीलदाराला 'देवमामलेदारांसारखे वागा, रेशनचे, घरकुलाचे, विहिरीचे अडलेले पैसे सोडा' असे त्या मंदिराच्या पायरीवरून कुणी म्हणते का? श्रद्धाळूंचा आम्हाला अपमान करायचा नाही. देव झाला की माणसाचे काम अनुकरणाबाहेर जाते, एवढेच दाखवायचे आहे. बाबासाहेबांचे तसे होऊ द्यायचे नसेल तर समितीने एक हार घालावा, बाकीच्यांनी वही-पेन किंवा पुस्तक आणावे. ही प्रथा अनेक ठिकाणी रुजली आहे, सटाण्यातही रुजू शकते.

आता शेवटी मळ्यात जाऊ, कारण या सगळ्या चर्चेत झेंडू पिकवणारा कुठेच नसतो. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यात, झेंडू हे काही राजेशाही पीक नाही. दसरा-दिवाळी धरून दोन पैसे होतील म्हणून बांधाला, कांद्याआधी रिकाम्या वावरात, किंवा टोमॅटोत ओळी टाकून तो लावतात. टोमॅटोतल्या झेंडूला सापळा पीक म्हणतात. फळ पोखरणारी अळी आधी त्या पिवळ्या फुलावर अंडी घालते आणि टोमॅटो वाचतो. झेंडूची मुळे जमिनीत जो रस सोडतात त्याने सूत्रकृमी मरतात, म्हणून डाळिंबाच्या बागेतही तो लावायचा सल्ला देतात. आता फुलातला पिवळा रंग कारखान्यात काढून कोंबडीच्या खाद्यात घालतात, तेव्हा कुठे अंड्याचा बलक गर्द होतो. दसऱ्याला जे फूल देवापुढे आणि जे अंडे बाटवणारे म्हणून दूर, त्या दोघांचा रंग एकच. हे आम्हाला फार आवडते.

तोडणी मजूर बाया करतात, पहाटे, दव पडलेले असताना. त्यांच्या हाताला रोजंदारी पडते, भावाचा चढउतार पडत नाही. बी बहुतेक संकरित, रोप नर्सरीतून विकत. नाहुआ शेतकऱ्यासारखे बी राखून ठेवायची सोय राहिलेली नाही. फूल नाशवंत, शीतगृह परवडत नाही, त्यामुळे भाव सण ठरवतो आणि दलाल ठरवतो. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शंभरावर गेलेला किलो दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी फुकट घेत नाही. कांदा-डाळिंबाच्या भावासाठी रस्ता अडवला जातो. झेंडू मात्र गुपचूप रस्त्याच्या कडेला ओतला जातो, त्याच्यावर गुरे तोंड टाकतात आणि गाडीभाडे अंगावर घेऊन शेतकरी घरी जातो. या शेतकऱ्यांत माळी आहेत, मराठा आहेत, कोकणा आणि भिल्ल आहेत, आणि दोन-चार एकर कोरडवाहू सांभाळणारे आपले बौद्धही आहेत. 'आमचे फूल' म्हणणारे आणि 'त्यांचे फूल' म्हणणारे, दोघेही त्या वेळी बाजारात नसतात.

येत्या १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला विहाराच्या दारात झेंडू लागला तर लागू द्या. तो बाजारातून तयार हार म्हणून आणण्याऐवजी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडून वजनावर, त्याच्या भावाने घ्या, आणि दसरा उलटल्यावर घ्या, कारण तेव्हाच त्याला गिऱ्हाईक नसते. ओवायला पोरे-पोरी बसतील तेव्हा त्यांना चोखोबाच्या हाराची फिर्याद सांगा आणि काळारामाच्या दाराची तारीख सांगा.